पार्ट नंबर आणि ‘हाच तो देवदत्त’

गेल्या वेळी आपण प्रत्यभिज्ञेपाशी थांबलो होतो. पूर्वी पाहिलेला देवदत्त आज पुन्हा समोर येतो आणि आपण म्हणतो, हाच तो. मधल्या काळात तो वाळला असेल, केस गेले असतील, तरी ‘हाच’. मग किती बदल झाला म्हणजे ‘हाच’ म्हणणं चुकतं? आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं यावर जन्म घालवू शकतो. कारखान्याला तेवढी सवड नसते. तिथे ड्रॉइंग सारखं बदलत असतं, आणि दर वेळी ठरवावं लागतं की सुट्या भागाचा नंबर तोच ठेवायचा की नवा द्यायचा.

नियम तसा सोपा आहे. जुना आणि नवा भाग एकाच खोक्यात मिसळले, त्यातला कुठलाही उचलून बसवला आणि काही फरक पडला नाही, तर नंबर तोच. फक्त ड्रॉइंगवरची आवृत्ती बदलते. आकार, जुळणी किंवा कार्य यांपैकी काहीही बदललं तर नंबर नवा. मग बदल कितव्या नगापासून लागू, स्टोअरमधल्या जुन्या मालाचं काय करायचं, पुरवठादाराला आणि दुरुस्तीवाल्यांना कोण कळवणार, हे सगळं आलंच. सह्या खूप लागतात. लोक वैतागतात, आणि ते साहजिक आहे.

आता अमेरिकेतल्या जनरल मोटर्सचं प्रकरण बघा. शेव्हरोले कोबाल्ट आणि तिच्यासारख्या काही गाड्यांच्या इग्निशन स्विचमध्ये किल्लीला जागेवर धरून ठेवणारा जोर ठरल्यापेक्षा कमी होता. गाडी खड्ड्यात आदळली किंवा जुडग्याला गुडघा लागला, की किल्ली मागे फिरू शकायची. इंजिन बंद पडायचं, आणि मग धडक झाली तर एअरबॅगही उघडायची नाही. २००६ साली एका अभियंत्याने दुरुस्ती मंजूर केली: आतली छोटी खुंटी लांब, स्प्रिंग जास्त कडक. दुरुस्ती योग्यच होती. पार्ट नंबर मात्र तोच राहिला.

पुढे तपास करणारे चक्रावले. जुन्या गाड्यांत एअरबॅग उघडत नाहीत, नव्यांत तसं दिसत नाही, आणि नोंदीत तर स्विच एकच! अपघातात मुलगी गमावलेल्या एका कुटुंबाच्या वकिलासाठी काम करणाऱ्या अभियंत्याने जुना आणि नवा स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा कुठे खुंटीतला फरक दिसला. २०१३ पर्यंत तो उघड झाला.

फेब्रुवारी २०१४ मध्ये जुन्या गाड्या परत बोलवायला सुरुवात झाली. मार्चमध्ये चांगला स्विच असलेल्या नव्या गाड्याही बोलवाव्या लागल्या, कारण दुरुस्ती करताना त्यांच्यात त्याच नंबरचा जुना स्विच बसला नसेल कशावरून? एकूण सुमारे २६ लाख गाड्या. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले.

इथे एका श्रोत्यांनी विचारलंय, भाग देणाऱ्या स्टोअरवाल्याने नीट बघायला नको होतं का? कसं बघणार? फरक बंद स्विचच्या आत होता. देवदत्ताचा निदान चेहरा तरी दिसतो; स्टोअरवाल्याला खोक्यावरचा नंबर दिसत होता, आणि मागणीच्या चिठ्ठीवर तोच नंबर लिहिलेला होता.