मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचाय? आधी मनगटाकडे बघा

पीएचडीला नाव नोंदवलं की सगळे विचारतात, विषय कोणता, गाइड कोण. थीसिस टाइप कशावर करणार, हे कोणी विचारत नाही. साधा हिशोब करा. ५०,००० शब्दांचा प्रबंध, इंग्रजीत शब्दामागे स्पेस धरून साधारण ६ कळा, म्हणजे ३ लाख वेळा बोट खाली जाणार. तेही एकदाच, काही न खोडता लिहिलं तर. (असं कोणाचं होतं?)

मग लॅबमधला कोणीतरी सांगतो, "मेकॅनिकल कीबोर्ड घे, हात दुखायचे थांबतील." हा दावा जरा उघडून बघू या, कारण यात फेलोशिपचे काही हजार रुपये जाऊ शकतात.

साध्या कीबोर्डमध्ये कळांखाली रबराचे छोटे घुमट असतात. घुमट दबून जवळजवळ तळाला टेकला की अक्षर उमटतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळीला स्वतंत्र स्विच आणि त्यात स्प्रिंग. चेरी एमएक्स रेड हा प्रसिद्ध स्विच घ्या. तो ४५ सेंटिन्यूटन बलाला, म्हणजे कळीवर साधारण ४५ ग्रॅम वजन ठेवल्यावर, काम करतो. कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर २ मिलिमीटरलाच उमटतं. म्हणजे बोट तळाला आपटायची गरजच नाही.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात बहुतेक जण कळ तळापर्यंत नेतातच. टायपिंग करताना बोटं किती जोर लावतात याची मोजमापं १९९०च्या दशकातच झाली आहेत, आणि लागणाऱ्या बलाच्या दुपटीहून जास्त जोर लावला जातो असं त्यात दिसलं. स्प्रिंग हलकी केली म्हणून हात आपोआप हलका होत नाही. ब्राउन स्विचमध्ये मध्येच एक छोटासा उंचवटा लागतो, "झालं, उचल आता" असं बोटाला कळतं. हलका हात शिकायला काहींना त्याची मदत होते. ब्लू स्विच टकटक वाजतो. होस्टेलमध्ये रूममेट असेल तर त्याचा विचारही करू नका.

आता मनगट. मनगटात कार्पल टनेल नावाचा अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटं वाकवणारे स्नायुबंध आणि मीडियन नस जाते. पंजा वरच्या बाजूला वाकवून ठेवला की या बोगद्यातला दाब वाढतो. गंमत अशी की मेकॅनिकल कीबोर्ड लॅपटॉपच्या कीबोर्डपेक्षा बराच उंच असतो. त्याच उंचीच्या टेबलावर तो ठेवला, वर मागचे पाय उघडले, की पंजा आणखी वर वाकतो. म्हणजे स्विचमध्ये जे कमावलं ते इथे घालवलं. पाय मिटून ठेवा. खुर्ची एवढी वर घ्या की कोपर कळांच्या पातळीला येईल; पाय लोंबकळले तर खाली जुने जर्नल्सचे गठ्ठे ठेवा. मनगटाखालची गादी थांबल्यावर टेकण्यासाठी असते, टाइप करताना त्यावर भार टाकायचा नसतो.

पण दोष नक्की कीबोर्डचाच का? २००३ साली 'जामा'मध्ये डेन्मार्कचा एक अभ्यास आला. सुमारे ७ हजार कर्मचाऱ्यांकडे वर्षभर लक्ष ठेवलं होतं. आठवड्याला २० तासांहून जास्त माउस वापरणाऱ्यांत कार्पल टनेलसारखी लक्षणं जास्त आढळली. कीबोर्डच्या वापराशी मात्र तसा ठोस संबंध दिसला नाही. घाई करू नका हं. यावरून "कीबोर्ड निर्दोष" असं सिद्ध होत नाही. हा एकाच आजाराचा प्रश्न होता. मान, खांदा, स्नायुबंध यांचं दुखणं वेगळं. पेपर वाचताना "नेमकं काय मोजलं?" हा प्रश्न आधी विचारायची सवय आत्तापासून लावा.

माझ्या मते यातून खरेदीसाठी एक उपयोगी गोष्ट निघते. उजवीकडे नंबरपॅड असलेला लांब कीबोर्ड माउसला दूर ढकलतो आणि दिवसभर खांदा बाहेर ताणलेला राहतो. नंबरपॅड नसलेला घ्या. आकडेमोड खूप असेल तर सुटा नंबरपॅड मिळतो. आणि वेगळ्या कीबोर्डचा सगळ्यात मोठा फायदा स्विचमध्ये नाहीच. लॅपटॉप चार पुस्तकांवर चढवून स्क्रीन डोळ्यांसमोर आणता येते, मान वाकत नाही. ते काम स्वस्तातला रबरी कीबोर्डही करतो. म्हणून आधी तो घ्या, दोनेक महिने वापरा, मग मेकॅनिकलचं बघा.

मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण थोडी निराळी आहे. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला. ही वाटणी छान आहे, हात आलटून पालटून चालतात. पण ख, श, ष, ळ, ण ही सगळी शिफ्ट दाबून. 'शाळा' लिहायला चार कळा आणि त्यात दोनदा शिफ्ट! हा भार करंगळीवर, म्हणजे अशक्त बोटावर. प्रोग्रॅम करता येणाऱ्या कीबोर्डवर, विशेषतः दोन भागांत विभागलेल्या, शिफ्ट अंगठ्याखाली आणता येते. माझ्या लेखी महागडा कीबोर्ड घ्यायचं हे खरं कारण. तोवर विंडोजमधलं 'स्टिकी कीज' चालू करा, तेही फुकट. शिफ्ट दाबून सोडायची, मग अक्षर. धरून ठेवावी लागत नाही.

आणि रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल तर कीबोर्डचे रिव्ह्यू वाचणं थांबवून ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे जा. मुंग्या करंगळीकडे येत असतील तर ती नस वेगळी, अल्नर. ती कोपरामागून जाते. टाइप करताना कोपर टेबलाच्या धारेवर टेकतोय का, तेही बघा.