विम्याची फाइल घरच्यांना आजच दाखवा

आयुर्विम्याचा मूळ बाँड बँकेच्या लॉकरमध्ये अडकवू नका. लॉकर एकट्याच्या नावावर असेल तर मृत्यूनंतर तो उघडायलाच कागदपत्रं लागतात, आणि दाव्यासाठी नेमका तोच बाँड मागतात! घरातच एक फाइल करा: बाँड, शेवटच्या हप्त्याची पावती आणि वर पॉलिसी क्रमांक, कंपनी, शाखा, नॉमिनी लिहिलेला साधा कागद. "कपाटात आहे" एवढं सांगून भागत नाही, हातात देऊन दाखवा.

लग्नाआधी आईचं नाव नॉमिनी म्हणून दिलं होतं का, तेही तपासा. २०१५च्या कायदादुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर रकमेवर सहसा त्यांचाच हक्क लागतो.

जुनी पॉलिसी विस्मरणात गेलीय? विमा कंपन्यांच्या वेबसाइटवर दावा न केलेल्या रकमा शोधता येतात. दहा वर्षांनंतर त्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा होतात.