लॉर्ड एल्फिन्स्टन आणि लोणावळ्याचा ‘शोध’

जॉन एल्फिन्स्टन यांचा जन्म २३ जून १८०७ रोजी स्कॉटलंडमधल्या जुन्या सरदार घराण्यात झाला. वडील वारल्यामुळे १८१३ साली, अगदी लहानपणीच, ते तेरावे लॉर्ड झाले. पेशवाई बुडाल्यानंतर मुंबईचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे त्यांचे काका. तरुणपणी त्यांनी शाही घोडदळात नोकरी केली, नंतर चौथ्या विल्यम राजाच्या दरबारात. स्कॉटिश सरदारांचे प्रतिनिधी म्हणून ते लॉर्ड्सच्या सभागृहातही बसले. १८३७ मध्ये ते मद्रासचे गव्हर्नर झाले. तरुण व्हिक्टोरियाचे मन त्यांच्यावर जडले म्हणून त्यांना इतक्या दूर धाडले, अशी कुजबुज तेव्हा लंडनमध्ये होती. त्यांनी लग्न केले नाही.

१८५३ च्या अखेरीस ते मुंबईचे गव्हर्नर झाले. १८५७ चा उठाव आणि मुंबई विद्यापीठाची स्थापना या दोन्ही गोष्टी त्यांच्याच कारकिर्दीतल्या. विद्यापीठाचे पहिले कुलपती तेच.

लोणावळ्याच्या मावळ भागाशी त्यांचा खरा संबंध बोरघाटाच्या रेल्वेचा. घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. पुणे–खंडाळा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी खुला झाला, पण मुंबईहून येणारी गाडी खाली खोपोलीलाच थांबायची. तिथे उतरायचे, सामान हमालांच्या डोक्यावर द्यायचे आणि पालखीत किंवा घोड्यावर बसून घाट चढायचा. वर खंडाळ्याला पुण्याची गाडी. घाटाच्या कामावर राबणाऱ्या मजुरांची संख्या पुढे चाळीस हजारांवर गेली. रोगराईत त्यांतले हजारो दगावले. घाट त्यांनी बांधला, पण त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत.

घाटातून गाडी धावली ती २१ एप्रिल १८६३ रोजी, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना. एल्फिन्स्टन १९ जुलै १८६० रोजीच वारले होते. मुंबईतल्या ज्या स्थानकाला त्यांचे नाव होते, ते २०१८ मध्ये प्रभादेवी झाले.

तरीही ‘१८७१ मध्ये लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी लोणावळ्याचा शोध लावला’ हे वाक्य पर्यटनाच्या माहितीत वारंवार छापले जाते. त्या साली त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. शिवाय शेजारीच कार्ल्याची दोन हजार वर्षांची लेणी आणि लोहगडासारखा किल्ला असताना हा मुलूख कोणी नव्याने शोधावा, असे काही नव्हते. लोणावळ्याची माहिती छापणाऱ्यांनी हे वाक्य आता काढून टाकावे.