झांझिबार, पाचगणी आणि एक दणदणीत रेकॉर्ड

निझव्यात स्वाहिली बोलणारे ओमानी सहकारी भेटले की नव्याने आलेल्या मराठी माणसाला नवल वाटतं. पण झांझिबारवर १९६४ च्या क्रांतीपर्यंत मूळच्या ओमानी घराण्यातल्या सुलतानांची गादी होती, त्या नात्याची ही खूण. त्याच झांझिबारात १९४६ साली एका पारशी घरात फारोख बलसारा जन्मला. आठ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला समुद्रापार, आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडलं. तिथे तो पियानो शिकला आणि मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँडही काढला. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणू लागलं.

त्याच्या 'क्वीन' बँडचा 'अ नाइट अॅट द ऑपेरा' हा अल्बम नोव्हेंबर १९७५ मध्ये निघाला. हार्ड रॉक म्हणजे नुसता धांगडधिंगा, असं म्हणणाऱ्यांनी तो मुद्दाम ऐकावा. आमच्यासारख्या इंजिनियर लोकांना तर ती मेजवानीच! ब्रायन मेने आपली गिटार वडिलांच्या मदतीने घरीच बनवलेली. तिची मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची. ती तो सिक्सपेन्सच्या नाण्याने वाजवतो. 'गुड कंपनी' या गाण्यात ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ऐकू येतात ना, ती सगळी त्या गिटारचीच करामत. सिंथेसायझर औषधालाही नाही.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ऐकताना वाटतं, शंभरएक माणसं गातायत. प्रत्यक्षात गाणारे तिघंच! २४ ट्रॅकच्या टेपवर आवाज भरायचे, ते मिसळून कमी ट्रॅकवर आणायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी पुन्हा गायचं. टेप इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजून आरपार दिसायला लागलं. त्या दणक्यामागे अशी चिकाटी आहे.

आखातातल्या आपल्या घरांत मुलांना शिकायला भारतात ठेवायचं का, हा विषय निघतोच. बोर्डिंगमुळे फ्रेडी घडला, असा सोपा हिशेब मी मांडणार नाही. आठ वर्षांच्या पोराला घर किती आठवलं असेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण या रेकॉर्डमध्ये कडक गिटारशेजारी ऑपेरा आणि जुन्या इंग्रजी नाटकगृहातली गमतीची गाणी सुखाने नांदतात. तीन मुलखांत वाढलेल्या माणसाला अशी सरमिसळ परकी वाटली नसावी. आपली मुलंही तशीच वाढताहेत, नाही का?

तेव्हा मंडळी, मस्कतच्या रस्त्यावर मुलांनी गाडीत असलं काही लावलं, तर "आवाज कमी कर" म्हणण्याआधी एक गाणं पूर्ण ऐका. आणि त्यात किती आवाज आहेत, ते मुलांनाच मोजायला सांगा.