होडी शाकारण्याआधी ऑईल आणि शीड पाहा

१ जूनला यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी लागते. होडी शाकारायच्या आधीच इंजिनाचे ऑईल बदला. पुष्कळजण ते नारळी पौर्णिमेवर ढकलतात. पण वापरलेल्या ऑईलात आम्ल साठते, पावसाळाभर ते बेअरिंग खाते. इंजिन गरम असताना काढा, म्हणजे गाळही निघतो. ऑईल दुधी दिसले तर पाणी शिरलेय, मिस्त्री बोलवा. ग्रेड इंजिनाच्या पुस्तिकेतलीच घ्या, दुकानदार काहीही देतो!

इंजिन बंद पडले तर शिडावरच किनारा गाठायचा. म्हणून शिवण ओढून बघा. उन्हाने बहुधा दोरा आधी जातो. कापड धड असेल तर नवे शीड कशाला, पुन्हा शिवून घ्या. कापडच फाटत असेल तर मात्र बदला. मांजरपाटाचे शीड ओले गुंडाळू नका, बुरशी धरते. पॉलिस्टरला ते भय कमी, पण ऊन त्यालाही सोडत नाही.