नियोजित वीजबंदीला सामोरे जाताना

पावसाळ्यापूर्वीची देखभाल, वाहिन्यांलगतच्या फांद्यांची छाटणी, उपकेंद्रातील दुरुस्ती किंवा विजेची टंचाई यांमुळे वीज वितरण कंपन्यांना काही तास पुरवठा बंद ठेवावा लागतो. अचानक झालेल्या बिघाडाहून ही वीजबंदी वेगळी असते, कारण तिची वेळ आधी ठाऊक असते. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयी केंद्र सरकारने २०२० मध्ये केलेल्या नियमांनुसार नियोजित वीजबंदीची माहिती ग्राहकांना देणे वितरण कंपनीवर बंधनकारक आहे. ही सूचना वेळेवर मिळावी यासाठी वापरात असलेला मोबाइल क्रमांक कंपनीकडे नोंदवणे हिताचे ठरते.

घरातील तयारीचा प्रारंभ पाण्यापासून होतो. पंप बंद पडण्यापूर्वी टाकी भरून घ्यावी. दार न उघडल्यास फ्रिजमधील अन्न साधारण चार तास सुरक्षित राहते. ऑक्सिजन यंत्रावर अवलंबून असलेल्या रुग्णासाठी भरलेला सिलिंडर जवळ असणे अत्यावश्यक आहे. ठरलेल्या वेळेच्या थोडे आधीपासूनच लिफ्टचा वापर टाळावा.

इन्व्हर्टर किती वेळ चालेल, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,८०० वॉट-तास ऊर्जा साठते. ७५ वॉटचे तीन पंखे आणि ९ वॉटचे पाच दिवे मिळून २७० वॉट भार होतो. रूपांतरातील घट लक्षात घेता नवी बॅटरी सुमारे चार तास पुरते; जुनी त्याहून कमी. इस्त्री किंवा गीझर त्यावर लावू नये.

व्यावसायिकांनी कामाची फेरआखणी करणे अधिक किफायतशीर असते. पिठाची गिरणी, छापखाना किंवा यंत्रमाग यांचे काम सकाळच्या अथवा रात्रीच्या पाळीत नेता येते. संगणकाचा यूपीएस बहुधा काही मिनिटेच पुरतो. तेवढ्या वेळात काम जतन करून यंत्र बंद करावे. औषध दुकानांनी लसी आणि इन्सुलिनसाठी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान राखण्याची सोय आधीच करावी.

सर्वांत गंभीर धोका जनरेटरचा आहे. तो चेंजओव्हर स्विचशिवाय घरातील वायरिंगला जोडल्यास वीज उलट दिशेने वाहिनीत जाते. रोहित्रातून जाताना तिचा दाब ११ हजार व्होल्टपर्यंत चढू शकतो आणि वाहिनी बंद आहे असे समजून खांबावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचा जीव जाऊ शकतो. जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. जनरेटर बंद खोलीत चालवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू साचतो. म्हणून तो उघड्यावर, खिडक्यांपासून दूर ठेवावा.

पुरवठा सुरू होताच सर्व उपकरणे एकदम चालू झाल्यास रोहित्रावर अतिरिक्त भार येतो. म्हणून एक दिवा वगळता बाकीची बटणे बंद ठेवावीत आणि वीज आल्यावर काही मिनिटांनी उपकरणे एकेक करून सुरू करावीत. दिलेली वेळ उलटूनही वीज न आल्यास १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.