कोरड्या मातीचं झाकण

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पाऊस सरता सरता पेरतात. पुढचे तीन-चार महिने ती बहुतेक जमिनीतल्या ओलीवरच वाढते. मीटरभर खोल काळ्या मातीत पिकाला घेता येईल असं साधारण 150 ते 200 मिलिमीटर पाणी साठतं. पुंजी एवढीच. ती राखायला शेतकरी वरची माती मोकळी करून वाळू देतो. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं जुनी माणसं म्हणतात.

ओल राखायला माती वाळवायची, हे उलटंच वाटतं. अमेरिकेत एडगर बकिंगहॅम यांनी 1907 साली मांडलेल्या प्रयोगांत याचं उत्तर आहे. दमट हवेतल्या मातीपेक्षा कोरड्या हवेतली माती आधी झपाट्यानं वाळली. पण लवकरच तिच्यातून उडणारं पाणी दमट हवेतल्या मातीपेक्षाही कमी झालं. पाणी वर चढतं ते कणांना धरून, बारीक पोकळ्यांतून. वरचा थर एकदम सुकला की ही वाट तुटते. तिथून पुढं पाण्याला वाफ होऊनच जावं लागतं, आणि मातीतल्या हवेतून वाफ फार संथ सरकते.

उन्हालाही हाच थर अडवतो. हवेपेक्षा पाणी वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. मातीच्या कणांमधलं पाणी गेलं की उष्णतेचे पूलच मोडतात. म्हणून कोरडी माती तळपायाला चटके देते, पण धग खाली फारशी उतरत नाही. फूटभर खोलीवर दुपारचा ताप पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोही अगदी क्षीण होऊन.

कोळपणीचं सगळं श्रेय या झाकणाला देणं मात्र बरोबर नाही. तण निघतं, आणि पाणी पिण्यात तण पिकाच्या मागं नसतं. शिवाय काळी माती वाळताना आक्रसते, भेगाळते. भेग पडली की झाकण फुटलं. वारा थेट खोलवरच्या ओलीपर्यंत पोचतो, मुळंही तुटतात.

म्हणून रब्बी ज्वारीला पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी सांगितलेली आहे. पहिल्या दोन वेळा वाफसा बघून साधं कोळपं चालतं. आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं धरतात; त्याच्या दातांनी सुटलेली भुसभुशीत माती भेगांत पडते आणि त्या बुजतात.